सहा कार्डांवरचे ठिपके

प्रौढ साक्षरता वर्गात मावशी माझ्या शेजारी बसू लागल्या, तेव्हा त्यांची व माझी ओळख झाली. त्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळीत. त्यांनी सांगितलेली हकीकत जशीच्या तशी लिहीत आहे.

मावशींच्या लेकीचे बाळ चाळीस दिवसांचे असताना डांग्या खोकल्याने गेले. सुईने लस देण्याइतके त्याचे वयही झाले नव्हते. म्हणून त्या रोगाचे जिवंत, पण दुबळे केलेले जंतू थेंबातून उंदरांच्या नाकात घालण्याचा प्रयोग प्रयोगशाळेत सुरू झाला, तेव्हा मावशींचा जीव त्यात अडकला. थेंब फुप्फुसात उतरला तर तेथे पहारेकरी पेशी ठाण मांडतात आणि खऱ्या रोगाला दारातच अडवतात, असे प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावले होते.

थेंब घातलेला, गुंगीतला उंदीर शुद्धीवर येईपर्यंत मावशी त्याला हातात उभा धरीत. दहापैकी सहा उंदीर शिंकले आणि थेंब मावशींच्या बोटांवर आला. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत पुढच्या उंदरात गुंतल्या होत्या. मावशींनी त्या सहांच्या पिंजऱ्यांना लावलेल्या कार्डांवर एकेक ठिपका दिला. कार्डावर आले म्हणजे सांगितल्यासारखेच, असे त्यांना वाटले.

महिन्याने फुप्फुसे तपासली. चौघांत पहारेकरी दाटीवाटीने बसलेले, सहांत शुकशुकाट. लस कुचकामी ठरवून प्रयोगशाळेचे साहेब काम गुंडाळायला निघाले. मावशी धापा टाकीत वर गेल्या, त्यांच्या हातापाया पडल्या, शुकशुकाट असलेल्या त्या सहांच्याच कार्डांवरचे ठिपके दाखवले. साहेबांनी कार्डे उलटसुलट केली.

"मावशी, ठिपका तर माशीसुद्धा देते. आणि निकाल लागल्यावरही देता येतो."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टरीणबाईंनी भांडून शेवटचे दहा उंदीर मिळवले. थेंब गुरुवारी घालायचे होते. जे घडेल ते त्याच क्षणी, वेळेसह, कार्डावर लिहिलेले हवे, ही साहेबांची अट होती. मदतीला दुसरे माणूस द्यायला ते तयार नव्हते. मावशींना घड्याळ कळत होते, आकडे येत होते. अक्षर मात्र एकही नाही.

त्या सोमवारी मावशी वर्गात आल्या. गुरुजींनी पाटीवर 'अ' काढून दिला. मावशींनी पेन्सिल इतकी दाबली, की ती दोनदा मोडली. मग त्यांनी तो 'अ' पदराने पुसला आणि पाटी गुरुजींपुढे धरली.

"गुरुजी, हे सगळं मी नंतर गिरवीन. आज मला 'उंदीर शिंकला, थेंब बाहेर आला' एवढंच लिहायला शिकवा."