हे मांगणं झालं, बसा खाली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार मोठ्या मायचे आहेत. मोठी माय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण चार माणसांत उभं राहून बोलायला मला कॉलेजने शिकवलं नाही, तिने शिकवलं, आणि तेही प्रार्थनेत.

आमच्या सोनाळा गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारची उपासना पत्र्याच्या एका खोलीत भरायची आणि तिथे मोठ्या मायने घालून दिलेली एक रीत होती. पहिलं गाणं झालं की प्रत्येकाने उभं राहून त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची, तिच्यासाठी देवाची स्तुती करायची आणि बसायचं. मागायचं काही नाही. आजारपण, पाऊस, पोरीचं लग्न, सगळं नंतर. कोणी चुकून बोलून गेलं, "देवा, तू दयाळू आहेस, तेवढं पोराच्या नोकरीचं पाह्य," की मोठी माय जागेवरून म्हणायची, "हे मांगणं झालं. बस खाली." सगळे हसायचे. बसणाराही हसायचा. एकाने सकाळची एसटी वेळेवर आली म्हणून स्तुती केली, तर ती म्हणाली, "त्यात देवाचं काय बे, डायवर नवा आहे."

ती स्वतः वांग्याच्या फुलात शिरलेल्या भुंग्याबद्दल बोलायची. शेजारच्या म्हशीने नुकतंच जन्मलेलं पारडू चाटून चाटून कसं उभं केलं, त्याबद्दल बोलायची. एकदा मी म्हणालो, मला काहीच दिसलं नाही. "डोये आहेत का बटनं? जाय, पाहून ये," म्हणून तिने मला उपासनेतून बाहेर काढलं. मी कुंपणावर सरडा मान हलवताना पाहिला, परत आलो आणि तेवढंच सांगितलं. "आमेन," ती म्हणाली. आज मी देऊळगाव राजाला शाळेत शिकवतो. निबंध लिहायला लावताना मुलांना तेच सांगतो: आधी पाहून या.

आमच्या भागातलं पाणी खारं. तेच पीत तिचं आयुष्य गेलं आणि शेवटी किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा तिला खामगावला मशीनवर रक्त धुवायला जावं लागतं. पहिल्यांदा जाऊन आली त्या रविवारी तिने स्तुती केली ती अशी: "माझंच रगत नळीतून बाहेर जाऊन राह्यलं होतं, अन् धुवून परत येऊन राह्यलं होतं. हे मले पाहाले भेटलं. देव चांगला आहे." पाय दुखतात, हे ती त्या वेळी बोलली नाही. ते मागणं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात बाहेरून एक उपदेशक आला. मांडव, मोठे स्पीकर, कीबोर्ड, सगळं घेऊन आला. स्तुती ही किल्ली आहे, असं तो सांगायचा. मनापासून लावली की देवाचं भांडार उघडतं. उघडलं नाही तर मन कमी पडलं. मला आजही चीड येते ती याची. माणूस बायकोला गोड बोलतो आणि एक डोळा तिच्या दागिन्यांच्या पेटीवर ठेवतो, तसं हे प्रेम. याला आराधना म्हणायचं?

मोठ्या मायचं मशीन म्हणजे अविश्वास, असं त्याने ठरवलं. शुक्रवारी तिला मांडवात पुढे बसवायचं आणि ती बरी होईपर्यंत स्तुती करायची. शुक्रवार तिचा खामगावचा दिवस. आमची माणसं वाईट नव्हती. तिच्यावर त्यांचा जीव होता, म्हणूनच त्यांनी तिला त्या दिवशी पाठवलं नाही. मायेने, गात गात, माणूस मरणाच्या दारात नेऊन बसवायचा, ही चूक आमच्याच लोकांनी करावी.

तिच्या सुनेचा सकाळीच फोन आला. "भाऊजी, आत्याबाईले दम लागून राह्यला. पाय सुजले. अन् इथं कोणी गाडी बोलावू देत नाही."

मी शाळेत कळवलं आणि निघालो. गाड्या बदलत पोचेपर्यंत दुपार कलली होती. मांडवात गाणं चालू होतं. ती पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत होती, चेहरा सुजून ओळखू न येणारा. मी उपदेशकाला म्हणालो, यांना दवाखान्यात न्यायचंय. तो हसला. "शिकलेल्या माणसाला विश्वास जड जातो, भाऊ."

"त्यांना दम लागलाय. ऐकू येतंय का तुम्हाला, की स्पीकर बंद करू?"

मागून आमच्याच मंडळीतल्या एका काकांनी माझा दंड धरला. "थांब बे, गाणं तरी होऊ दे."

उपदेशकाने माईक तिच्या तोंडाशी नेला. "आजी, म्हणा, मी बरी झाले."

तिने दम खात माईक हाताने धरला. मग म्हणाली, "मी बरी नाही झाली. देव चांगला आहे. आज सकायी दारात चिमणीनं मातीत आंघोय केली, ते म्या पाह्यलं. पण तुमी जे करून राह्यले ना भाऊ, हे मांगणं झालं. बसा खाली."

या वेळी कोणी हसलं नाही. माईक अजून चालूच होता. "पोरा, गाडी बोलाव," ती म्हणाली.

संध्याकाळी खामगावात मशीन मिळालं. ती वाचली. उपदेशक मांडव गुंडाळून गेला, पण जाताना मंडळीला सांगून गेला की आजीने स्तुती तोडली. आणि लोकांनी ते धरलं. रविवारी पाहिलेलं सांगायची रीत बंद झाली. आता त्या जागी स्पीकरवर गाणी लागतात. मोठी माय कोपऱ्यात बसते आणि या आठवड्यात काय दिसलं, हे तिला कोणी विचारत नाही.

राग नको धरू, असं ती फोनवर म्हणते. फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून मी पत्र पाठवलं. सून ते मशीनपाशी वाचून दाखवणार होती, म्हणून आमच्या बोलीतच लिहिलं:

"मोठे माय, सलाम.

मले अजून राग आहे. तू म्हणतं सोडून दे, पण सुटत नाही. ज्या लोकाईले तू देवाले चांगलं म्हणाले शिकवलं, त्याईनंच तुले चूप बसवलं. त्याईच्या संगं मले गाणं म्हणता येत नाही. तोंड उघडलं का शिवी येते.

तुले तिथं कोणी विचारत नाही, तर मी इथून विचारतो. या हप्त्यात काय दिसलं? सुनबाईले सांग लिहून पाठवाले.

माझं सांगतो. काल शाळेच्या नळावर एक पोरगी पाणी पेत होती. ओंजय भरली, अन् प्याच्या आंधी तिनं त्या पाण्यात आपलं तोंड पाह्यलं, अन् हासली. गोडं पाणी होतं. मी वर्गात जायचं सोडून पाहत राह्यलो. देव चांगला आहे, माय. राग तसाच आहे, तरी तो चांगला आहे.

याच्या पुढचं वाक्य मांगणं होईल. म्हणून बसतो खाली."