माझा लॅक्टोमीटर आणि आळीचं दूध

दुधातल्या पाण्यावर पाळत ठेवणारा मूर्ख बघायचा असेल, तर ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या आळीत यायला हवं होतं. खांद्यावर पंचा, हातात काचेचा लॅक्टोमीटर आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा रुबाब. तो मूर्ख म्हणजे मी.

दूधवाला सायकलवरून यायचा. कॅनच्या तोंडाला गवताचा बोळा, माप घालताना अंगठा थेट दुधात. त्याचं मला काहीच नव्हतं. मला फक्त पाणी पकडायचं होतं! लॅक्टोमीटर जरा जास्त बुडाला की मी गरजायचो, "गाय पिळलीस की विहीर?"

"भाऊ, गायच पाणी पिते. मी काय करू?" त्या निर्लज्जाचं उत्तर.

हा पराक्रम बघून बायका आपापली पातेली माझ्या दारात आणू लागल्या. एकीचं दूध बघायचं, लॅक्टोमीटर पंच्याला पुसायचा, दुसरीच्या पातेल्यात सोडायचा. घामही त्याच पंच्याने टिपायचा. समोरच्या काकू मात्र पातेलं झाकून घेत. "तुमची कांडी आमच्या दुधात नको हो." मी त्यांना अडाणी ठरवून टाकलं.

घरात तर कळसच. बायको दूध उकळायला लागली की मी शास्त्र झाडायचो, "पाणी नाही हे सिद्ध झालंय ना? मग सत्त्व कशाला जाळतेस?" आणि दोन वर्षांच्या मुलीला कच्चं दूध पाजायचो.

मे महिन्यात तिला जुलाब लागले, ते थांबेनात. डोळे खोल गेले. रडायचं त्राणही राहिलं नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "दूध उकळता ना?"

मी खिशातून लॅक्टोमीटर काढला. "रोज तपासतो. शुद्ध आहे."

"ह्यात जंतू दिसतात?" मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. "आणि पुसता कशाने? ह्या पंच्याने?"

पोर वाचली, हे त्या डॉक्टरांचं आणि तिच्या नशिबाचं. माझं कर्तृत्व शून्य.

ती घरी आली त्या सकाळी दूधवाल्याने हाक मारली, "भाऊ, आज बघत नाय?"

आतून बायको म्हणाली, "ते नाही, मी बघत्ये. आधी हात धू. मग माप घाल."

तिने दूध चांगलं वर येईपर्यंत उकळलं. मी सवयीने कांडी घेऊन पुढे सरकलो, तर तिने डाव उगारला. "आधी ती कांडी उकळा. मग जमलं तर स्वतःला!"

समोर काकू पातेल्यावर झाकण ठेवून उभ्या होत्या. न बघितल्यासारखं करत, सगळं बघत.