नवऱ्याची सही

चित्रकाराचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा मासिकाच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ अर्धंच रंगवून झालं होतं. "कुणापाशी बोलू नकोस," असं म्हणून त्यानं ब्रश बायकोच्या हातात दिला. दोघं एकाच कलाशाळेत शिकलेली. वर्गात पहिला नंबर तिचा असायचा; पुढं संसाराच्या रगाड्यात ते सगळं बाजूला पडलं.

त्यानंतर सलग अकरा वर्षं मुखपृष्ठं तिनंच केली. अंकातल्या कथा वाचायच्या, कागद भिजवून फळीवर ताणायचा, मासिकाच्या नावासाठी वर चार बोटं जागा सोडून चित्र बसवायचं. नवरा खुर्चीतून चुका काढायचा. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून तेवढी सही ठोकायचा.

तो गेला. संपादक भेटायला आले.

"वहिनी, शेवटपर्यंत काय हात होता हो त्यांचा! उतारवयात तर रंग जास्तच खुलले."

तिला राहवलं नाही. "ते रंग माझे होते."

संपादकांनी समजुतीनं मान हलवली. "होतं असं. जोडीदार गेला की त्याचं सगळं आपलंच वाटायला लागतं."

ती त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली. पण पंधरा दिवस खपून तिनं नवं चित्र केलं: खिडकीशी उभी राहून पत्र फाडणारी बाई. खाली स्वतःची सही केली आणि कार्यालयात नेऊन दिलं. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून ते जवळून पाहिलं.

"नक्कल झकास जमलीये. पण त्यांच्या रेषेतला जीव नाही यात. राग मानू नका."

ती घरी पोचते न पोचते तोच मुलाचा फोन. "आई, संपादकांचा फोन आला होता. बाबांच्या माघारी त्यांच्या नावाला बट्टा का लावतेस?"

"तू घरातच होतास ना रे? तुझ्या डोळ्यांदेखत रंगवत होते मी."

"बाबा सांगायचे तसं तू करायचीस. म्हणजे चित्र त्यांचंच ना?"

तिनं फोन ठेवून दिला.

स्मृती विशेषांकावर तिचंच सहा वर्षांपूर्वीचं चित्र छापलं, नवऱ्याच्या सहीसकट. प्रकाशनाला तिला पहिल्या रांगेत बसवलं. "वहिनींची साथ मोठी," वक्ते म्हणाले, "साहेबांना वेळेवर चहा आणि धुतलेले ब्रश मिळायचे." टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला मुलगा तिच्याकडे बघत होता. तिनंही वाजवल्या.