दोन डाव्या बाजूंचं जाकीट

मुलीच्या साखरपुड्यासाठी मी घरीच जाकीट शिवायचं ठरवलं. मुलाकडची माणसं पुण्याची. आम्ही कित्येक पिढ्या तंजावूरचे. घरात मराठी बोलतो, पण ते मराठी पुण्याच्या माणसांसमोर कितपत टिकेल, याची मुलीला धास्ती होती.

"अप्पा, खाली आपली वेष्टीच नेसा, पण वर काहीतरी झोकदार हवं. आपण त्यांच्यातले वाटलो पाहिजे," ती म्हणाली. माझे वडील स्वतः जाकीट शिवताहेत, हे तिने नवऱ्यामुलाला फोनवर सांगूनही टाकलं. माझी माघारीची वाट बंद झाली.

माझं काम हिशेब तपासण्याचं. शिवण म्हणजे मापं आणि मापं म्हणजे आकडे, अशी माझी समजूत होती. छाती बेचाळीस इंच, पोट चव्वेचाळीस. पोट पुन्हा मोजून पाहिलं, आकडा हलला नाही. वर्तमानपत्राचा नमुना कापला. कुंभकोणमहून जरीच्या बुट्ट्यांचं रेशीम आणलं, तेही बेताचंच, कारण नासाडी मला खपत नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, पाठ आणि पुढची एक बाजू कापून झाली आणि बायको धावत आली.

"अहो, नऊ वाजले! राहुकाळ लागला. शुभकार्याच्या कापडाला कातर लावताय?"

तिने कापलेले तुकडे, नमुना, उरलेलं रेशीम सगळं घडी करून कपाटात ठेवलं. कातर स्वतःच्या कमरेला खोचली. राहुकाळ साडेदहाला संपला तेव्हा मी नमुना पुन्हा पसरला आणि दुसरी बाजू कापली. मग पडताळा म्हणून दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले. धाग्याला धागा जुळला. मी खूश झालो.

खूश व्हायचं कारण नव्हतं. दोन्ही तुकडे डाव्या बाजूचे होते. नमुना उलटा ठेवायला हवा होता, तो मी अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे चालू करावं तसा सुलटाच ठेवला. कापड संपलं होतं. उजवीकडे कापडाची उलटी बाजू वर घेऊन शिवण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. डावीकडे जरीचे बुट्टे झळकत होते. उजवीकडे त्याच बुट्ट्यांच्या मागचे सुटे धागे लोंबत होते.

मुलीने जाकीट दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या हातात विड्यांचं तबक धरा. उजवीकडे. खाली ठेवू नका."

मी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या हॉलमध्ये तबक छातीशी धरून उभा राहिलो, चाललो, पाहुण्यांचं स्वागतही तसंच केलं. गर्दी वाढल्यावर नवऱ्यामुलाच्या आत्याबाई उशिरा पोचल्या. माझी त्यांची ओळख झालेली नव्हती. त्यांनी बसल्या जागेवरून मला बोटाने बोलावलं.

"भैया, एक कॉफी लाना. चीनी कम."

"आणतो," मी म्हणालो.

त्या शेजारणीकडे वळल्या. "ऐकलंस? इथले हॉलवालेसुद्धा मराठी बोलतात!"

मी तबकावर वाटीसारखा डबरा आणि त्यात टम्ब्लर ठेवून कॉफी आणली. त्यांनी ती प्यायली, रिकामा टम्ब्लर माझ्या तबकात ठेवला आणि वर एक विडा उचलला. हे सगळं समोरून मुलीने पाहिलं. नवऱ्यामुलाशेजारची खुर्ची सोडून ती सरळ आमच्याकडे आली. मला वाटलं, रडणार.

तिने माझ्या हातातलं तबक काढून खुर्चीवर ठेवलं. माझी उजवी बाजू सगळ्या हॉलसमोर उघडी पडली.

"आत्याबाई," एरवी माझ्याशी अर्धं तमिळच बोलणारी माझी मुलगी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "हे माझे अप्पा. हे जाकीट त्यांनीच शिवलं."

आत्याबाई ताडकन उठल्या. नमस्कार करता करता त्यांची नजर धाग्यांवर खिळली. "ही... इकडची फॅशन का?"

"नाही, चूक," मी खरं ते सांगितलं. "दोन्ही बाजू डाव्या आहेत. पण एकमेकींशी तंतोतंत जुळतात."

मुलीने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. तिचं हसणं पाहून नवरामुलगाही उठून आला आणि धागे वाकून बघू लागला.

आत्याबाई जवळ सरकल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "बरं, मग दुसरी कॉफी कुणाला सांगायची?"

"मलाच सांगा," मी म्हणालो. "साखर किती?"