एक पत्ता, एक माणूस

फुलसावंगीला मावशीकडे गेलो तो तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असणार या हिशेबानं. पुसदच्या बाजारातून घेतलेला काळा चष्मा खिशात होता. बघतो तर मावशी ओसरीवर मांडीवर गोधडी घेऊन बसलेली. डोळ्याला पट्टी नाही की काही नाही, दोऱ्याचं टोक हातात धरून सुईचं नेढं चाचपडत होती.

"ऑपरेशन झालं ना?"

"कायचं ऑपरेशन? मले कागदच नाही आला. आख्ख्या गावात एका जनाले आला, तोच गेला. शिबिर झालं बी."

मी चपापलो. कारण डोळ्यांच्या शिबिराला बोलावणारे ते कागद ज्यातून निघतात ते साधन शिबिर भरवणाऱ्या दवाखान्याला मीच सुचवलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचं मी पुसदला घरी बसून काम करतो. कंपनीचं साधन एका वेळी हजारो लोकांना ईमेल पाठवतं, आणि ते कसं वापरायचं ही माहिती मी लिहितो. ती कोणी वाचत नाही. लोक पान उघडतात, दोन ओळी बघतात आणि तिसऱ्या ओळीत जे लिहिलंय तेच फोन करून विचारतात. दहा वर्षं मी यावर जळफळत आलोय.

मग गेल्या वर्षी साहेब म्हणाले, आता पानं माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी लिहायची. एजंट म्हणजे काम सांगितलं की पान वाचून आपलं आपण उरकणारा. "'शक्यतो', 'बघून', 'साधारण' असले शब्द काढून टाका. त्याला स्वच्छ सांगा." मी आनंदानं काढले. अखेर अक्षर न् अक्षर वाचणारा कुणीतरी भेटला होता!

तसाच उठून चौकातल्या सेवा केंद्रात गेलो. गावातले सगळे फॉर्म इथंच भरले जातात, आणि ज्याला ईमेल नाही त्याच्या फॉर्मवर केंद्रवाला स्वतःचा पत्ता टाकतो. म्हणजे जवळपास सगळ्यांच्याच. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जावरही तोच पत्ता होता. पत्र आलं की तो छापतो आणि ज्याचं त्याला हाक मारून देतो.

"मांगच्या टायमाले चाळीसक कागद आलते भाऊ, छापून छापून मशीन गरम झाली. यावक्ती एकच. मले वाटलं, बाकीच्याइचा नंबर नसन लागला."

दवाखान्यातल्या बाईंना फोन लावला. यादी त्यांच्याकडेच असते.

"सर, यावेळेस मी हातच नाही लावला," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुमचं पान एजंटले देलं, त्यानं पाच मिनटात केलं. रिपोर्ट बी एकदम साफ. डुप्लिकेट होते तेवढे काढले, बाकी सगळे गेले."

डुप्लिकेट. माझी मावशी.

तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर माझं पान उघडलं. मराठीत सांगायचं तर तिथं लिहिलं होतं: एकच पत्ता पुन्हा आला, तर पहिली नोंद ठेवावी आणि उरलेल्या काढून टाकाव्यात. 'काढून टाकाव्यात'च्या आधी 'बघून' होतं, ते मीच काढलं होतं. मागच्या शिबिराला माझं पान न वाचणाऱ्या बाईंनी सगळ्यांना कागद धाडले होते, कारण या गावाचा पत्ता एकच आहे हे त्यांना माहीत होतं. मन लावून वाचणाऱ्यानं आख्खं गाव पुसलं. आणि त्याला बोल तरी कोणत्या तोंडानं लावू? मी सांगितलं त्याच्या तसूभरही बाहेर तो गेला नव्हता.

परत येऊन मावशीला सरळ सांगून टाकलं, चूक माझ्या लिहिण्यातली आहे. यंत्राचं तिनं ऐकून घेतलं, पण तिचं अडलं दुसरीकडेच.

"पन बाबू, तुले तर ठाऊक होतं ना, आपल्या गावचा पत्ता एकच हाय?"

ठाऊक तर होतंच. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना.

"मी नेतो तुले यवतमाळले, ऑपरेशनले," मी म्हटलं. "उद्याच. गाडी करून."

"अन् बाकीच्याइचं? गल्लीतल्या साऱ्या बायाइनं माह्याच भरोशावर नाव देलं होतं. मी एकटीच जाऊन येऊ? नाही जमत." तिनं गोधडी मांडीवर नीट केली. "पुढचं शिबिर कधी म्हन्ते?"

"दिवाळीनंतर."

मावशीनं सुयांची डबी माझ्याकडे सरकवली. "शिवनं हाताच्या अंदाजानं होते. ओवनं नाही होत. जेवढ्या हायेत तेवढ्याइत दोरा ओवून ठेव. लांब लांब ओव, दिवाळीपावतर पुरला पायजे."

मी ओवायला बसलो. डबीत अकरा सुया होत्या आणि दिवाळी सहा महिने लांब होती.