चालू फॉर्मनुसार

गुणतक्त्यावर माझा विश्वास नाही. वसंतात जिंकलेल्या मॅचचे गुण हेमंतापर्यंत तसेच्या तसे उभे असतात. मधल्या काळात त्या संघाचं काय झालं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. जर्मन लोक या तक्त्याला टाबेले म्हणतात आणि टाबेलेत आलं की ते सत्य, असा इथला खाक्या आहे. हॅम्बर्गमध्ये राहून मी पुष्कळ गोष्टी मान्य केल्या. रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही, बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकायच्या, पाऊस पडतोय म्हणून काहीही रद्द करायचं नाही. टाबेले मात्र मी मान्य केली नाही, करणारही नाही.

खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मी विमानांच्या सीटा बसवण्याच्या कामातली इंजिनिअर. ऑफिसातल्या मेलबर्नच्या एका मैत्रिणीने मला पहिल्यांदा मैदानावर ओढून नेलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती आणि मुलगी शाळेत जात होती. अंडाकृती चेंडू मुठीने ठोसायचा, पायाने उडवायचा, उंच उडी मारून झेलायचा, आणि समोरची अंगावर आली की चिखलात आडवं व्हायचं. टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण. चुकल्याबद्दलही काहीतरी पदरात टाकणारा खेळ मला सापडावा तो जर्मनीत, याची मला अजून गंमत वाटते. ऑस्ट्रेलियात एका बाजूने अठरा जण खेळतात. आमच्याकडे एवढ्या बायका आणायच्या कुठून, म्हणून नऊ-नऊ. कॉलेजात मी सांगलीला खो-खो खेळायचे. तिथली हुलकावणी इथे फार कामाला येते, कारण या धिप्पाड पोरींना सरळ धावून येणारी बाई अडवता येते, पण ऐन वेळी कमरेतून वळणारी नाही.

बायकांचे संघ देशभरात मोजून पाच. त्यांना मी नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. आम्ही बंदरवाल्या. दक्षिणेत मोटारींच्या गावच्या त्या कारखानेवाल्या, लागोपाठ विजेत्या आणि त्याची जाणीव असलेल्या. मग राजधानीवाल्या, डोंगरवाल्या आणि ऱ्हाइनकाठच्या. दर सोमवारी मी या पाच संघांची क्रमवारी लावायचे. शेवटच्या चार मॅच बघायच्या, कोणाशी खेळल्या, किती फरकाने, शेवटच्या पाव भागात पाय चालत होते की ओढत होत्या, आणि त्यावरून नंबर द्यायचा. जुन्या चषकांना शून्य किंमत. क्रिकेटच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे जेवणाच्या ताटावर बापलेकांची भांडणं व्हायची ती याच मुद्द्यावर, की खेळाडू मोठा आहे, पण सध्या फॉर्मात आहे का?

क्रमवारी मी मराठीत लिहायचे. आमच्या संघात डॉक्टरेट करणाऱ्या दोन मराठी मुली होत्या, मला ताई म्हणायच्या. त्यांच्यासाठी आणि सासऱ्यांसाठी. बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नावाला आणि प्रतिष्ठेला मान देणारा. माझी क्रमवारी ते चष्मा लावून वाचायचे आणि दर सोमवारी तेच म्हणायचे, "अगं, विजेत्यांना चौथ्या नंबरवर कोण टाकतं?"

"अहो बाबा, चौथ्याच आहेत त्या. मागच्या महिन्यात ऱ्हाइनकाठच्यांशी रडतखडत जिंकल्या, राजधानीवाल्यांकडून आपटल्या. तुम्ही स्वतः बघितलंत."

"पण नाव आहे त्यांचं."

"नाव धावत नाही, बाबा."

मग तो सोमवार आला. आम्ही वसंतात सगळ्या मॅच हरलो होतो आणि उन्हाळ्यात सुटलो होतो, म्हणून मी आम्हाला पहिल्या नंबरवर ठेवलं. राजधानीवाल्या दुसऱ्या, कारखानेवाल्या चौथ्या. वर शीर्षक दिलं, 'सध्याचे चालू संघ'. दोघी मराठी मुलींपैकी धाकटीने आनंदाच्या भरात ते सगळ्या लीगच्या ग्रुपवर टाकलं. तिथे कोणीतरी फोनला त्याचं जर्मन करायला सांगितलं. आता 'चालू' म्हणजे सध्याचा हे आपल्याला कळतं. चालू खातं, चालू वर्ष. पण 'तो लय चालू आहे' म्हटलं की काय होतं तेही कळतं. फोनला दुसराच अर्थ आवडला. लीगभर बातमी गेली की हॅम्बर्गच्या एका बाईने देशातल्या सर्वांत लबाड संघांची यादी लावली आहे, आणि तीत स्वतःच्या संघाला पहिला नंबर दिला आहे.

आमच्या पोरी हसून लोळल्या. राजधानीवाल्या दुसऱ्या होत्या, त्या भडकल्या, आम्ही कधी लबाडी केली म्हणून. कारखानेवाल्यांनी मात्र हसरे चेहरे पाठवले. लबाडीत चौथं असायला त्यांची हरकत नव्हती. मी नीट जर्मनमध्ये लिहिलं की शब्दाचा अर्थ तो नव्हे, ही चालू फॉर्मची क्रमवारी आहे, लबाडीचा आरोप कोणावरही नाही. राजधानीवाल्या लगेच शांत झाल्या. आणि खरा अर्थ कळल्यावर कारखानेवाल्या पेटल्या. टाबेलेत पहिल्या असलेल्या विजेत्यांना चौथं म्हणणं हा त्यांच्या कॅप्टनला उघड अपमान वाटला. काढून टाका आणि माफी मागा, असा तिचा मेसेज आला.

आमचा कोच जर्मन, बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आलेला, भला माणूस. त्याने मला सरावानंतर बाजूला घेतलं.

"आल्झो, म्हणजे हे बघ, सोपा मार्ग आहे," तो म्हणाला. "लबाडीचाच अर्थ होता म्हण. गंमत होती म्हण. सगळे हसतील, विषय संपेल."

"म्हणजे चुकीचं भाषांतर खरं करू?"

"शांततेसाठी."

"नाही."

"एक शब्द तर आहे."

"शब्द माझा आहे. आणि त्या चौथ्याच आहेत."

मी सायकलवर बसून घरी आले, पावसात, आणि रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं. मला कोणाचं वाईट चिंतायचं नव्हतं. पण डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नाही, आणि का, तर तक्त्यात वेगळं छापलंय म्हणून, हे मला जमत नाही. ती पोस्ट मी काढली नाही.

हंगामाच्या शेवटी दोन दिवसांची स्पर्धा असते. शनिवारी उपान्त्य सामने, रविवारी अंतिम. आमची गाठ शनिवारी नेमकी कारखानेवाल्यांशी पडली. त्या आठवड्यात कोचने नऊ जणींचा संघ वाचून दाखवला आणि त्यात मी नव्हते. माझ्यावर गुण लिहायचं काम होतं.

"का?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"तुझा गुडघा. तू फॉर्मात नाहीस."

"गुडघा वसंतात दुखावला होता."

"गेनाऊ, तेच तर. वसंतात तू फार वाईट खेळलीस."

मला आधी हसू आलं आणि मग संताप. सबंध उन्हाळाभर मी धावले होते. लंगडत सुरुवात केली, पहाटे नदीकाठी पायऱ्या चढले-उतरले, शेवटच्या मॅचमध्ये तीन जणींना चकवून चेंडू पुढे नेला, आणि हा माणूस मला अजून वसंतातच उभी करून बघत होता. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं. त्या दिवशी गप्प बसले असते तर पुढच्या वर्षी मला कोणी विचारलंही नसतं. गुण लिहिणाऱ्या काकू म्हणून माझी कायमची बदली झाली असती. मला ती मॅच हवी होती. का हवी होती हे मी कोणालाही समजावून सांगायला बांधील नाही.

मी खडू घेतला आणि क्लबच्या फळ्यावर आमच्या सगळ्या जणींची क्रमवारी लावली. संघांना लावत होते तीच पट्टी, शेवटच्या चार मॅच. प्रत्येक नावापुढे कारण बोलून दाखवलं. कोणाचं पटलं नाही तर तिने सांगावं म्हटलं. दोघी-तिघींनी सांगितलं, मी एक नंबर बदललाही. मी सहावी निघाले. दहावी, म्हणजे नवांच्या बाहेर, निघाली ती धाकटी मराठी मुलगी. कोचने माझ्या जागी तिलाच घेतलं होतं.

"ताई," ती एवढंच म्हणाली.

"चार मॅचमध्ये तू झेल सोडलेस," मी म्हणाले. "तुला माहितीय."

तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं, पण फळा पुसला नाही. कोचने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने आपल्या कागदावर तिचं नाव खोडून माझं लिहिलं, आणि सरावासाठी शिट्टी वाजवली.

शनिवारी आम्ही कारखानेवाल्यांना हरवलं. चांगलं दणक्यात हरवलं. चौथ्या नंबरच्या संघाला पहिल्या नंबरचा संघ हरवतो तसं. मी मात्र भयानक खेळले. पहिल्याच झेलाला चेंडू छातीवर आदळून सुटला. हुलकावणी द्यायला गेले तर ज्या बाजूला वळले तिथेच त्यांची कॅप्टन उभी. तिने मला उचलून आपटलं आणि वर हात देऊन उभंही केलं. गुडघ्याला काही झालं नव्हतं, त्यामुळे ती सबब नव्हती. सुचतच नव्हतं. आमच्या बाकीच्या आठ जणींनी मला ओढून जिंकवलं.

संध्याकाळी यूथ हॉस्टेलच्या जेवणाच्या खोलीत सगळ्या बिअर आणि बटाट्यांवर तुटून पडल्या होत्या. बाबा मुलीला घेऊन अंतिम सामना बघायला ट्रेनने आले होते. बाबांनी माझ्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. मी एका हातात पुरी धरून सगळ्यांची क्रमवारी पुन्हा लावली. जुनी एक मॅच बाहेर गेली, आजची आत आली. मी दहावी.

ते मी कोचला जाऊन सांगितलं.

"सोड ते," तो म्हणाला. "उद्या तूच खेळणार. एवढं लढून जागा मिळवलीस. तुला मान आहे इथे."

"परवा तुला वसंत आठवत होता. आज तुला माझं भांडण आठवतंय," मी म्हणाले. "आज मी कशी खेळले ते सांग."

तो ओशाळून हसला. "वाईट."

"मग झालं तर. धाकटीला घे."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता. "काय गं, काय सांगितलंस त्याला?" मी सांगितलं. ते हादरलेच. "अगं, फायनल आहे! सगळ्यांशी वाकडं घेऊन मिळवलेली जागा अशी सोडून देतेस? नाव झालंय तुझं आता."

"म्हणूनच, बाबा."

मुलीने आमचं सगळं मराठी ऐकलं होतं. "मामा, बिस्ट डू राउस?" तिने विचारलं. आई, बाहेर झालीस का तू?

"हो."

"ब्लोएड," ती म्हणाली, म्हणजे निव्वळ मूर्खपणा, आणि माझ्या हातातली अर्धी पुरी खाऊन टाकली.

धाकटी बातमी कळल्यावर माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर, बूट बांधता बांधता, वर न बघता म्हणाली, "ताई, मी झेल सोडला तर?"

"तर सोमवारी अकरावी टाकीन तुला."

"आणि घेतला तर?"

"तर माझी जागा तुझी. मला ती परत घ्यायला तुझ्याशी भांडावं लागेल."

"भांडाल?"

"बघच तू."

ती मैदानात गेली. मी दोरीच्या बाहेर, अंगावर कोरडी जर्सी, हातात गुण लिहायची पेन्सिल. मला रडू आलं. आलं तर आलं. पहिला उंच चेंडू तिच्या दिशेने सुटला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी उभ्या असलेल्या कारखानेवाल्यांच्या कॅप्टनने दचकून माझ्याकडे पाहिलं, आणि मग तीही ओरडायला लागली.