मढं पाहून आलेली मावशी

नव्वदच्या दशकात आमच्या महाल भागातल्या लोकांना काशी-रामेश्वर सोडून इजिप्तचं वेड लागलं, त्याची सुरुवात माझ्या मावशीने केली. ती सहलीहून परतली तेव्हा अख्खी गल्ली आमच्याकडे जमली. उंट, नाईल, पिरॅमिड सगळं सांगून झाल्यावर मावशी ऐटीत म्हणाली, "अन् काचेच्या पेटीत राजाचं मढं पाहिलं. केससुद्धा जागेवर!"

शेजारच्या काकू कप ठेवून ताडकन उठल्या. "मढं पाहून आली अन् तशीच घरात शिरली? आंघोळ केली का वं?"

"काकू, त्याले मरून हजारो वर्षं झाली!"

"मेला तो मेलाच. जा मोरीत!"

मावशी फणफणत गेली. ती ओल्या केसांनी परतल्यावर काकूंनीच तिला राजाच्या दातांबद्दल, नखांबद्दल खोदून खोदून विचारलं.

पुढच्या हिवाळ्यात काकूच इजिप्तला निघाल्या. स्टेशनवर त्यांची बॅग मला उचलेना.

"एवढी जड काहून, काकू?"

"एका मढ्यामागं एक आंघोळ, अन् एका आंघोळीमागं एक लुगडं. मले तर सगळेच राजे पाहाचे आहेत."